नानशुन : पेठ उठून गेल्यानंतरची शांतता

चीनमधील यांगत्से नदीच्या दक्षिणेकडील सखल, पाणथळ मुलुखाला जियांगनान म्हणतात, आणि या मुलुखातील ज्या गावांची घरे, पेठा व वाटा कालव्यांच्या काठाने वसत गेल्या, त्यांना ‘शुइशियांग’, म्हणजे जलग्राम, असे संबोधले जाते. झेजियांग प्रांतात हूझोउ शहराच्या पूर्वेस असलेले नानशुन हे त्यांपैकीच एक असून झोउझुआंग किंवा वुझेन यांच्याइतकी पर्यटकांची वर्दळ येथे पूर्वी सहसा आढळत नसे. आजही भल्या सकाळी कालव्याकाठी उभ्या राहिलेल्या प्रवाशाला या गावाचा मूळ स्वभावच शांत असावा असे वाटते. तथापि जसजसे गाव पाहून होते, तसतशी ही समजूत मागे पडते.

‘बाइजियानलोउ’, म्हणजे शंभर खोल्यांची माडी, या नावाने ओळखली जाणारी घरांची रांग मिंग काळातील मानली जाते. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, काळी कौले, आणि शेजारच्या घराला लागलेली आग आपल्याकडे पसरू नये म्हणून छपराच्याही वर पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेल्या आडभिंती, अशी तिची रचना आहे. घरांचे वरचे मजले वाटेवर छत धरतात, त्यामुळे चालणारा माणूस एका बाजूला उंबरे आणि दुसऱ्या बाजूला पाणी ठेवून पावसातही कोरडा राहतो. थोड्या थोड्या अंतरावर दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. त्या घाटाप्रमाणे धुण्याभांड्यांसाठी वापरल्या जात असल्या, तरी त्यांचे मुख्य काम नावेतून माल चढवण्या-उतरवण्याचे होते, आणि हे एकदा ध्यानात आले की पुलांच्या कमानी एवढ्या उंच का, याचाही उलगडा होतो, कारण त्यांच्याखालून भरलेल्या नावा जायच्या होत्या.

हा माल प्रामुख्याने रेशमाचा होता. हूझोउच्या परिसरातील शेतकऱ्यांनी दलदलीच्या जमिनीत तळी खणली, निघालेल्या गाळाचे बांध घातले आणि त्या बांधांवर तुतीची झाडे लावली. तुतीचा पाला रेशीमकिड्यांना, किड्यांची विष्ठा तळ्यातील माशांना, आणि तळ्याच्या तळाशी साचलेला सुपीक गाळ पुन्हा तुतीच्या मुळांना, असे हे चक्र शतकानुशतके फिरत राहिले, आणि त्यात वाया जाणारे असे फारसे काही उरले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले आहे. नानशुनमधील वाडे पाहणाऱ्याने हे बांध आणि ही तळी आधी पाहावीत, कारण वाड्यांची श्रीमंती या चिखलातून आलेली आहे.

गावाजवळच्या जिली या खेड्यातील सूत शुभ्र आणि चिवट म्हणून नावाजलेले होते. 1842 च्या नानजिंग तहानंतर शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले, तेव्हा जलमार्गाने शांघायला जोडलेल्या नानशुनच्या दलालांनी गावोगावचे सूत गोळा करून ते परदेशी पेढ्यांना विकले व अफाट संपत्ती मिळवली. या धनिकांची प्रतवारी लोकांनी जनावरांच्या आकारावरून केली होती : चार हत्ती, आठ बैल आणि बहात्तर सोनेरी कुत्री. ‘हत्ती’ घराण्यांपैकी एकातील झांग शिमिंग यांच्या वाड्यात पुढचे चौक पूर्णतः चिनी धाटणीचे, तर मागचा भाग लाल विटांचा, युरोपीय थाटाचा आणि नृत्यदालनासह बांधलेला दिसतो. केळीच्या पानांच्या दगडी नक्षीपासून नृत्यदालनाच्या फरशीपर्यंत चालत जाताना शांघायची बाजारपेठ या घरात किती आतवर शिरली होती, हे कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते.

दुसऱ्या एका ‘हत्ती’ घराण्यातील लिऊ चेंगगान यांनी मात्र आपला पैसा पुस्तकांत घातला. 1920 ते 1924 या काळात त्यांनी उभारलेले ‘जियाये तांग’ हे ग्रंथालय दुमजली, चौकोनी असून मधले प्रशस्त अंगण पुस्तकांना ऊन देण्यासाठी फरसबंद केलेले आहे, तर भोवतीचे पाणी आगीपासून संरक्षण देते. त्यांनी दुर्मिळ ग्रंथ लाकडी ठशांवर कोरवून पुन्हा छापले, आणि 1951 मध्ये ही वास्तू झेजियांगच्या प्रांतिक ग्रंथालयाला दिली. सबंध नानशुनमध्ये सर्वाधिक आदराने पाहावी अशी जागा हीच होय.

जपानी रेशमाची स्पर्धा, कृत्रिम धाग्याचा प्रसार, 1929 नंतरची जागतिक मंदी आणि 1937 चे जपानी आक्रमण यांनी ही पेठ मोडली. पुढे मालवाहतुकीचा मोठा वाटा रस्त्यांनी व रेल्वेने उचलला, आणि गावातील पायऱ्यांना नावा लागेनाशा झाल्या. प्रवाशाला भावणारी शांतता ही त्या घडामोडींची परिणती आहे. चीनच्या महाकालव्याला 2014 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्यात दितांग कालवा आणि नानशुनचा जुना भागही समाविष्ट झाला. जलवाहतूक या परिसरातून नाहीशी झालेली नाही. हूझोउहून शांघायकडे जाणाऱ्या रुंद जलमार्गावर बांधकामाचे साहित्य लादलेले लोखंडी पडाव आजही एकामागून एक नानशुनजवळून पुढे जातात, परंतु त्यांच्या मालाचा या गावाशी काहीही व्यवहार नसल्यामुळे ते येथे थांबत नाहीत.