बोर्ड चांगला होता

लेख मागताना संपादकांनी एक अट घातली: फार तांत्रिक नको, दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात. अट रास्त आहे आणि होईल तेवढी मी ती पाळीन. पण माझा धंदा एस्प्रेसो मशीनच्या दुरुस्तीचा. कपातल्या नक्षीविषयी आणि बियांच्या जातींविषयी लिहिणारे आज पुष्कळ आहेत. मशीनचा मागचा पत्रा उघडून आत काय चाललंय ते सांगणारे फारसे नाहीत, आणि त्यापायी कॅफेवाल्यांचे पैसे विनाकारण जातात. शिवाय गेल्या पावसाळ्यात पुण्यात हाताळलेलं एक मशीन अजून डोक्यातून गेलेलं नाही. त्याच्याकडे येतोच.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे एस्प्रेसो म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या हॉलमधलं फुसफुसणारं स्टीलचं मशीन येतं. त्यात बॉयलरमधली वाफ नळीतून येते आणि दूध, साखर, इन्स्टंट कॉफी एकत्र तापवून फेसाळते. कॅफेतलं मशीन वेगळं. तिथे बारीक दळलेली पूड दाबून बसवतात आणि तिच्यातून साधारण ९ बार दाबाचं, नव्वद ते पंच्याण्णव अंश तापमानाचं पाणी पंचवीस-तीस सेकंदांत ढकलतात. ९ बार म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे नऊपट. इतका दाब रोज शेकडो वेळा सोसणारे रबर, स्प्रिंगा आणि व्हॉल्व्ह आत बसलेले असतात. ते झिजणारच.

हा दाब पहिल्यापासून नव्हता. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली पेटंट घेतलं ते वाफेच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राचं. त्याचा दाब जेमतेम दीड बारच्या आसपास. अकिले गाजिया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंग आणि दांडा वापरून तो कितीतरी पटींनी वाढवला, आणि कपावर सोनेरी साय धरायला लागली. १९६१ साली फाएमा कंपनीने ई-६१ हे मशीन आणलं. त्यात हाताच्या जोराची जागा विजेच्या पंपाने घेतली. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून मशीनला नाव मिळालं.

ई-६१ बद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्याचं कारण त्याचे पार्ट. त्याचा पितळी ग्रुप, म्हणजे जिथे कॉफीची पूड भरलेला वाटीचा दांडा अडकवतात तो पुढचा भाग, पुढे कितीतरी कंपन्यांनी जसाच्या तसा उचलला. त्यामुळे त्याचा गॅसकेट, म्हणजे गळती रोखणारं रबरी कडं, बाहेरून ७३ मिलिमीटर आणि आतून ५७, आजही कुठल्याही पार्टवाल्याकडे मिळतो. साठ वर्षांहून जुन्या डिझाइनचं मशीन माझ्या टेबलावर आलं तर मी ते उभं करू शकतो. टचस्क्रीन असलेल्या आजच्या मशीनचा बोर्ड कंपनीने बनवणं थांबवलं, तर उरलेलं चांगलं लोखंड-पितळ भंगारात जातं. नवं मशीन घेताना लोक रंग बघतात, हँडलचं लाकूड बघतात. याचे पार्ट दहा वर्षांनी मिळतील का, हे विचारणारा मालक क्वचित भेटतो.

गॅसकेटचंच उदाहरण घेऊ. दांडा बसवून उजवीकडे ओढला की तो मशीनला काटकोनात, सरळ आपल्याकडे रोखलेला थांबायला हवा. रबर तापून तापून कडक होत जातं आणि दांडा उजवीकडे सरकत राहतो. कडेने पाणी गळायला लागलं की काउंटरवरची मुलं आणखी जोर लावतात. त्या जोराने दांड्याचे कान आणि ग्रुपच्या आतली पितळी खाच झिजते. मग नवं रबर घालूनही पकड बसत नाही. कडक झालेला गॅसकेट काढताना टोच्याने फोडावा लागतो आणि त्याचे कोळशासारखे काळे तुकडे पडतात. मऊ असतानाच, वर्षातून एकदा तरी, गजबजलेल्या कॅफेत सहा महिन्यांनी, तो बदलला तर दहा मिनिटांचं काम. मशीनमधला हा जवळजवळ सर्वांत स्वस्त पार्ट, आणि तो बदलण्याच्या आळसापायी खराब होतो तो सर्वांत महागड्या भागांपैकी एक.

दूध तापवणाऱ्या वाफेच्या नळीचंही तसंच. मशीन बंद केल्यावर बॉयलरमधली वाफ थंड होते, आत पोकळी तयार होते, आणि ती नळीच्या तोंडाशी जे असेल ते आत ओढते. ही पोकळी मोडायला बॉयलरवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो चिकटला आणि नळी दुधाच्या भांड्यात राहिली, तर दूध थेट बॉयलरमध्ये. असा बॉयलर उघडल्यावर येणारा वास वर्णन करण्यासारखा नसतो. दूध तापवण्याआधी आणि नंतर एक क्षण वाफ सोडायची, नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची. एवढंच करायचं असतं.

आता पाणी. संपादकांची अट इथे मोडणार आहे, पण माझ्या मते सगळा लेख याच्यासाठीच आहे.

पुण्यात दोन प्रकारचं पाणी येतं. खडकवासल्याच्या साखळीतलं महापालिकेचं पाणी मऊ, क्षार कमी. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत टँकर आणि बोअरवेल. काळ्या पाषाणातून झिरपलेलं हे पाणी बहुधा जड असतं. ते तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो आणि बॉयलरमध्ये पांढरा थर धरतो. हीटरवर थर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, हीटर आतल्या आत तापून जळतो. पाण्याच्या वाटेवर मिलिमीटरहून बारीक भोकाचा जेट असतो, त्यात एक खपली अडकली तरी कॉफी थेंब थेंब पडते. असं मशीन वर्षानुवर्षं तसंच चालवून मग एकदम ॲसिडचं पाणी फिरवणं हा आणखी एक घात. सुटलेल्या खपल्या पुढच्या भोकांत जाऊन बसतात. त्या अवस्थेत बॉयलर बाहेर काढून उघडून साफ करणं हाच मार्ग. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानतं. माणसाला ते पाणी चालतं, या मशीनला नाही.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. म्हणून सगळे आरओ बसवतात आणि सुटलो म्हणतात. माझं भांडण इथे आहे. आरओ जवळजवळ सगळंच काढून टाकतो. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले एकूण क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, पाच-सात आकडा दिसला की मालक अभिमानाने मला मीटर दाखवतात. पण इतकं रितं पाणी जे सापडेल ते आपल्यात विरघळवतं: तांब्या-पितळेला खातं. कॉफीची चवही त्यात पोकळ उतरते, कारण पुडीतून चव ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतात. स्पेशालिटी कॉफीच्या क्षेत्रात बराच काळ वापरात असलेलं मानक एकूण क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणतं, ७५ ते २५० ही चालणारी मर्यादा. शून्याची शिफारस कोणी केलेली नाही.

दुसरा घोळ मीटरचा. तो क्षार साधारण किती तेवढंच सांगतो, कोणते ते सांगत नाही. सॉफ्टनर बसवला की कॅल्शियम जाऊन त्याच्या जागी सोडियम येतो. जडपणा गेलेला असतो, पण मीटरचा आकडा जवळजवळ तोच राहतो. मग मालक म्हणतात सॉफ्टनर चालत नाही, आणि तो काढून टाकतात. जडपणा मोजायला थेंब टाकून रंग बघण्याची वेगळी बाटली मिळते, ती स्वस्त असते. ती वापरा, हे सांगून माझा घसा बसला आहे.

आता ते मशीन. दोन ग्रुपचं, चांगल्या कंपनीचं, फार जुनं नाही. तक्रार अशी की शनिवार-रविवार गर्दीत दुधाच्या नळीतून वाफेऐवजी पाणी येतं. बॉयलर काठोकाठ भरलेला. मी पोचण्याआधी त्याचा कंट्रोल बोर्ड दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा बोर्ड सोमवारी बदलला, आठवडाभर मशीन ठीक चाललं, शनिवारी पुन्हा तेच.

बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखायला एक स्टीलची सळई उभी असते. तिच्याभोवती टेफ्लॉन असतं, म्हणजे ती बॉयलरच्या अंगाला लागत नाही. बोर्ड तिच्यात अगदी कमी दाबाची वीज सोडतो. पाणी सळईला टेकलं की पाण्यातून, बॉयलरच्या अंगातून ती वीज परत येते आणि बोर्ड पाणी भरणं थांबवतो. मी सळईची वायर काढली आणि मशीनच्या अंगाला टेकवली. पंप जागच्या जागी थांबला. म्हणजे बोर्ड चांगला होता. मग सळई बाहेर काढून पुसली आणि एका काचेच्या ग्लासात आरओचं पाणी घेऊन, त्यात सळई आणि अंगाला जोडलेली वायर दोन्ही बुडवल्या. पंप चालूच. ग्लास रिकामा करून बेसिनच्या नळाचं पाणी भरलं. पंप थांबला. मीटर लावला तर आरओच्या पाण्याचा आकडा ६. एवढ्या पाण्यातून त्या बोर्डाला पुरेशी वीज जातच नव्हती. सळई पाण्यात बुडालेली असताना बोर्डाला बॉयलर कोरडा वाटत होता आणि तो इमानाने पाणी भरत होता.

शनिवार-रविवारच का, तेही मग उलगडलं. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. त्यामुळे आठवडाभरात बॉयलरमधलं पाणी हळूहळू वीज वाहण्याइतकं दाट होत जायचं. सुट्टीच्या दिवशी अमेरिकानो आणि चहासाठी त्याच बॉयलरमधून गरम पाणी भराभर काढलं जायचं, त्याच्या जागी नवं रितं पाणी यायचं, आणि सळई पुन्हा आंधळी व्हायची. पावसाळ्याआधी आरओला नवा मेम्ब्रेन बसवला होता आणि थोडं गाळलेलं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर शुद्धतेच्या हौसेने पूर्ण बंद केला होता. मी तो उघडला, आकडा १२० वर आणला, जडपणा तपासला, बॉयलर रिकामा करून पुन्हा भरला. मशीन चालू झालं.

मालक तिशीचा, हुशार, वागायला सभ्य. बिल बघून त्याने अगदी सरळपणे विचारलं, "काका, तुम्ही काहीच बदललं नाही. मग हे पैसे कशाचे?"

त्याने पैसे दिले, कुरकुर न करता दिले. पण प्रश्न मला सोडत नाही, कारण तो त्याच्या एकट्याचा नाही. आपल्याकडे दुरुस्तीचे पैसे पार्टवर बसतात. बोर्ड बदलला, पंप बदलला, कॉइल बदलली की बिलात काहीतरी दिसतं आणि ते मालकाला पटतं. विचार करण्याचे, शोधण्याचे पैसे मागितले की तोंडं बदलतात. याचा परिणाम काय होतो ते मी रोज बघतो. माझ्याआधी येऊन बोर्ड बदलून गेलेला मुलगा मूर्ख नव्हता. त्याने वायर अंगाला टेकवून बघितली असती तर त्यालाही दोन मिनिटांत कळलं असतं. पण त्याला दिवसात आठ कॉल करायचे असतात आणि त्याची कमाई विकलेल्या पार्टवर असते. तो शोधत बसला तर त्याचं घर कसं चालणार? आयटीआयमधून आलेली चांगल्या हाताची मुलं या व्यवस्थेत दोन वर्षांत फक्त बदलणारी होतात, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मशीनच्या सुरक्षिततेवरही नजर ठेवणारं कोणी नाही. बॉयलरच्या कायद्यातून २५ लिटरपेक्षा लहान पात्रं वगळली आहेत. दोन ग्रुपच्या मशीनचा बॉयलर बहुधा त्याच्या बराच खाली असतो, तेव्हा निरीक्षक येण्याचा प्रश्नच नाही. गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून बंद केलेली मशीन मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर मुलं दिवसभर उभी असतात. एक बारहून जास्त दाबाची, एकशे वीस अंशांची वाफ ज्याने कोंडली, त्याला तिची ताकद माहीत नसते. सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल तर तो बदलायचा आणि दाब का वाढला ते शोधायचं. यात तडजोड नाही.

या सगळ्यामुळे मी आता वार्षिक करार घेताना आधी पाण्याचा जडपणा आणि क्षार तपासतो, ते आकडे कराराच्या पहिल्या पानावर लिहितो, आणि तपासणीचे पैसे वेगळ्या ओळीत लावतो. काही मालक तेवढ्यावरून दुसऱ्याकडे जातात. जाऊ देत. जे राहतात त्यांना मी एकच सवय लावतो: कोणीही, अगदी मीही, पार्ट बदला म्हटलं की विचारायचं, आधीचा कशाने गेला? उत्तर मिळालं नाही तर पार्ट घेऊ नका, आणि उत्तर मिळालं तर त्या उत्तराचे पैसे द्या. त्या कॅफेतून काढलेले दोन्ही बोर्ड मी मागून आणले आहेत. नवीन आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी मी तेच हातात देतो आणि सांगतो, यांत काय बिघडलंय ते शोधा.