अडगळ

संगणकाच्या पडद्यावर निरनिराळ्या खिडक्या एकावर एक रचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस कंपोझिटर म्हणतात. निर्मलच्या चिताऱ्याप्रमाणे कोणता थर वर व कोणता खाली, हे तीच ठरविते. क्रिस्तियन होग्सबर्ग यांनी २००८ साली वेलँडचा आरंभ केला. पुढे निघालेला टायनीडब्ल्यूएल हा नमुना अवघा हजारेक ओळींचा. त्याच्या आधारे आम्ही निर्मल येथील घरच्या जुन्या यंत्रासाठी एक लहानसा कंपोझिटर रचला होता. यंदा पावसाळ्यात त्यातील निरुपयोगी ओळी काढण्यास बसलो.

न वापरलेले कार्य संकलक दाखवितो खरा. परंतु त्याचे नाव कोठे घेतले आहे काय, एवढेच तो पाहतो. कार्य एखाद्या श्रोत्यास बांधले, पण तो श्रोता कोणत्याच संकेताच्या यादीत घातला नाही, तर ते कधीच चालत नाही. संकलक मात्र समाधानी! अशी कार्ये हातानेच वेचावी लागतात, तांदळातील खड्यांसारखी. उलट, बंद झालेल्या खिडकीचे श्रोते यादीतून सोडविणाऱ्या ओळी दिसावयास निरर्थक; त्या काढल्या, तर मोकळ्या झालेल्या स्मृतीत पाऊल पडून सारा पडदा विझू शकतो.

मग ‘टेक्स्ट-इनपुट’ व ‘इनपुट-मेथड’ यांना जोडणारा तुकडा आला. आठवडाभर नोंद ठेवली; तो एकदाही चालला नाही. पण त्या आठवड्यात यंत्रावर आम्हीच बसलो होतो, आणि तेही इंग्रजी टंकीत. इनस्क्रिप्टची देवनागरी कळफलकाच्या नकाशावर भागते. आमच्या आत्याबाई मात्र धर्माबादच्या आप्तांना सणासुदीची पत्रे लिहिताना रोमन कळांनी उच्चार टंकून मराठी उमटवितात. शेजारचे मास्तर तशीच तेलुगू. ती अक्षरे याच दुव्यातून येतात.

मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. नंतर आदिलाबादेत गेला, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. सीमा हलल्या, तरी घरातली मराठी कोणाच्या नोंदीवाचून चालत आली. तेव्हा नोंदीत शून्य म्हणजे वापर शून्य, हे आम्हांस मानवेना.

तो तुकडा ठेवला आणि तो कोण वापरते, हे त्याच्या माथ्यावर लिहिले. बाकीचे काढून टाकले.

“झाली का रे तुझी झाडलोट?” आत्याबाईंनी विचारले. झाली म्हणताच चष्मा पुसून त्या यंत्रापुढे बसल्या. गौरींचे बोलावणे धाडावयाचे राहिले होते.