नंबर एकचं गाणं

दादाने आयुष्यात दोनच हिशेब चोख ठेवले. एक रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला, कारण त्याचा पगार मिळायचा. दुसरा बिनाका गीतमालेचा, कारण त्याचं कुणी काहीच देत नव्हतं. पहिला हिशेब निवृत्तीच्या दिवशी दुसऱ्याच्या हाती सोपवून तो मोकळा झाला. दुसरा मात्र तो गेला तेव्हाही कपाटात, धोतरजोडीच्या खाली होता. लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे असते तसली रोजमेळाची वही. अशा किती वह्या झाल्या असतील ते मी मोजलं नाही, पण शेवटच्या वहीच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पुढे कार्यक्रम बंद.’

आम्ही मिरजेला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बुधवारी रात्री आठला मर्फीचा व्हॉल्व्ह सेट तापायला सोडलेला असायचा, कारण तो गरम झाल्याशिवाय बोलायचा नाही. रेडिओ सिलोन लघुलहरींवर यायचं, म्हणजे यायचं आणि जायचं. समुद्राची लाट ओसरावी तसा आवाज मागे हटायचा आणि नेमका पायदानाचा नंबर सांगायच्या वेळी खरखर सुरू व्हायची. दादा कान जाळीला लावून, एका हाताने सुई केसभर सरकवत, दुसऱ्या हाताने लिहीत असायचा. वहीत रकाने होते: पायदान, गाणं, सिनेमा, गायक, संगीतकार, मागच्या आठवड्याचा नंबर. आणि मध्येच एखाद्या ओळीत गाण्याच्या जागी पेन्सिलीने फक्त ‘खरखर’. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणाकडून तरी विचारून तो ती जागा शाईने भरायचा. कुणालाच नीट ऐकू आलं नसेल तर ‘खरखर’ तशीच राहायची. अंदाजाने त्याने कधी काही भरलं नाही. त्याच्या वह्यांवर माझा विश्वास बसतो तो या रिकाम्या जागांमुळे.

आता त्या कार्यक्रमाची गोष्ट नव्या वाचकांसाठी. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार झाल्यात जमा झाली. ऐकणारे श्रोते उठून सरळ सिलोनला गेले. तिथे 3 डिसेंबर 1952 ला बिनाका टूथपेस्टच्या पुरस्काराने गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, वय वर्षं एकोणीस. सुरुवातीला ही क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बरोबर लावणाऱ्याला शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला. ती पत्रं उघडून तपासायची कुणी? तेव्हा मग 1954 च्या शेवटी बक्षीस बंद झालं आणि लोकप्रियतेची उतरंड सुरू झाली. देशभरातल्या निवडक रेकॉर्डविक्रेत्यांकडून खपाचे आकडे यायचे. पण चालणारं गाणं असलं की दुकानातल्या तबकड्या संपून जायच्या आणि खप दिसायचा शून्य. म्हणून गावोगावच्या रेडिओ श्रोता संघांची मतंही धरली जाऊ लागली.

आमच्या आळीतही असा एक श्रोता संघ होता. अध्यक्ष दादा. सभासद किती, हे विचारू नका. पोस्टकार्डं मात्र भरपूर जायची, आणि अक्षर पाहून कुणी शंका घेऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहायची जबाबदारी माझ्याकडे होती. शंकर-जयकिशनला वर चढवण्यात मिरजेचा खारीचा वाटा आहे, एवढंच सांगते.

आणखी एक गंमत. गीतमाला सुरू होण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, 14 नोव्हेंबर 1952 ला, लंडनच्या न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकात ब्रिटनमधली पहिली विक्रीवर आधारलेली क्रमवारी छापून आली होती. पर्सी डिकिन्स नावाच्या माणसाने वीसेक दुकानांना फोन लावले, काय खपलं ते विचारलं, बेरीज केली, झालं. जगात ज्यांना आज रेकॉर्ड, विक्रम, इतिहास म्हणतात, त्या सगळ्यांच्या मुळाशी असा एक फोन नाहीतर पोस्टकार्डांचा गठ्ठा आहे.

ही माहिती दादाला त्याच्या नातीने दिली. ती पुण्याला असते, फोनवरच गाणी ऐकते आणि आजोबांशी भांडायला सुट्टीत मिरजेला यायची. भांडणाचा विषय ठरलेला. 2022 च्या ऑक्टोबरात टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 मध्ये पहिल्या दहाच्या दहा जागा तिच्या एकटीच्या. नात नाचत आली. ‘आबा, असं कधीच कुणाला जमलं नव्हतं! बीटल्सना 1964 मध्ये फक्त पाच!’

दादाने चष्मा पुसला. ‘मग बाकीच्यांनी त्या आठवड्यात काय केलं?’

प्रश्न वेडगळ वाटला तरी नव्हता. 4 एप्रिल 1964 च्या आठवड्यात बीटल्सची गाणी पहिल्या पाच जागांवर होती, ती पाच वेगवेगळ्या तबकड्यांवर. त्याही चार निरनिराळ्या लेबलांच्या, कारण मोठ्या कंपनीने आधी त्यांना नाकारलं होतं आणि छोट्या कंपन्यांनी गाणी घेऊन ठेवली होती. ती पाचही हवी असलेल्या पोराला दुकानात जाऊन पाच वेळा पैसे मोजायला लागायचे. 1998 पर्यंत तर जे गाणं सुटी तबकडी म्हणून बाजारात आलंच नाही ते हॉट 100 मध्ये शिरूच शकत नव्हतं. आता मध्यरात्री अख्खा अल्बम येतो, लाखो लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात आणि ऐकलेलं प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे मोजलं जातं. दहा जागा एकीच्या पदरात पडल्या, त्यात तिच्या लोकप्रियतेबद्दल शंका नाही. पण 1964 चे पाच आणि 2022 चे दहा ही एकाच तराजूतली वजनं नव्हेत. आधी मुख्यतः मोजत होते खिशातून पैसे काढणं. आता मोजतात कान देणं.

दादा हे आपल्या घरातल्या उदाहरणाने सांगायचा. आमच्याकडे ग्रामोफोन नव्हता. शेजारच्या गार्डसाहेबांकडे होता. त्यांनी 78 ची एक तबकडी विकत घेतली, ती सुई बदलून बदलून खरवडली जाईपर्यंत वाजवली, आणि भिंतीअलीकडे आम्ही सहा जणांनी ती पाठ केली. हिशेबात विक्री किती? एक. उलट आमची वहिनी. रोज पहाटे फोनवर हरिहरनांच्या आवाजातली हनुमान चालिसा लावते. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने यूट्यूबवर टाकलेल्या त्या व्हिडिओने 2023 मध्ये 300 कोटींचा टप्पा ओलांडला, तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय व्हिडिओ. ‘त्यातले हजारभर हिचेच,’ दादा म्हणायचा. 1951 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 36 कोटी होती. सगळ्या देशाने घरटी नव्हे, माणशी एकेक तबकडी घेतली असती तरी हा आकडा गाठता आला नसता.

नातही काही कमी नव्हती. तिने त्याला ब्रिटनचे नियम वाचून दाखवले. 2014 मध्ये त्यांनी ठरवलं, शंभर वेळा ऐकलं म्हणजे एक विक्री. 2017 मध्ये तेच दीडशे झालं. 2018 पासून पैसे भरून ऐकणाऱ्याचे शंभर, जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्याचे सहाशे. दादा फुकट ऐकणाऱ्यांतला. ‘म्हणजे माझा कान एक षष्ठांश,’ तो म्हणाला आणि त्या दिवशी जेवताना तीच गोष्ट दोनदा सांगितली.

खरं तर इथेच सगळा निकाल लागतो. माप दर तीन-चार वर्षांनी कुणीतरी बसून बदलतं आणि त्या मापाने निघालेला आकडा मात्र इतिहासाच्या फूटपट्टीवर ठेवतात. शिवाय गाणं संपूर्ण ऐकायलाही नको, स्पॉटिफायवर तीस सेकंद झाले की एक मोजलं गेलं. आपल्याकडच्या जुन्या गाण्यांत व्हायोलिनचा ताफा आणि सतार होईपर्यंत तीस सेकंद सहज जातात. म्हणजे रफीसाहेबांनी तोंड उघडायच्या आत त्यांचं गाणं मोजून मोकळं! हल्ली गाण्यांचे सुरुवातीचे तुकडे आखूड झाले त्याचं हे एक कारण असावं, असा माझा संशय आहे.

त्याच्या वहीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लाल शाईच्या ओळी. गीतमालेत एखादं गाणं ठराविक आठवडे टिकलं की बिगुल वाजायचा, अमीनभाई त्याला ‘सरताज गीत’ जाहीर करायचे आणि ते सन्मानाने यादीतून निवृत्त व्हायचं. नव्यांना जागा मोकळी. आज असं निवृत्त कुणी होत नाही. केट बुशचं 1985 चं गाणं तेव्हा ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर थांबलं होतं. 2022 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत वाजलं आणि पहिल्यावर गेलं. जुन्या गाण्यांचं ऐकणं तिथे अर्ध्या भावाने मोजतात, या गाण्यासाठी ती अट बाजूला ठेवली गेली. मला याचा आनंदच झाला, पण सरताज गीतांचं काय? ती बिगुल वाजवून थांबवली नसती तर आणखी किती आठवडे चालली असती, हे कुणीच सांगू शकणार नाही. त्यांचा विक्रम नियमाने कापलेला आहे, तो मोडला असं तरी कसं म्हणायचं?

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. डाव्या हाताने पोस्टकार्डं लिहिली ती मीच. आणि जुन्या काळातही आकडे काही कमी फुगत नव्हते. लताबाईंनी पंचवीस हजार गाणी गायल्याची नोंद गिनेस बुकात 1974 मध्ये झाली, रफीसाहेबांनी तिला हरकत घेतली, पुढे ती नोंदच निघून गेली आणि 2011 मध्ये सर्वाधिक ध्वनिमुद्रणांचा मान आशाबाईंना मिळाला. दरम्यान ज्यांनी तबकड्या आणि कॅसेटी तपासून यादी केली त्यांच्या हाती लताबाईंची पाच-सहा हजारांच्या आसपासच गाणी लागली. यूट्यूबवरही 2019 मध्ये एका भारतीय गाण्याने चोवीस तासांत साडेसात कोटींचा दावा केला. त्यावर वाद झाला, आणि मग जाहिरातीचे पैसे देऊन मिळवलेली दृश्यं क्रमवारीत धरायची नाहीत असं यूट्यूबने ठरवलं. मोजणारा आला की त्याला चकवणाराही आलाच.

मराठी गाण्यांच्या बाबतीत तर आपण या भानगडीत पडलोच नाही. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ असायची. त्यात गाण्याला नंबर नसायचा, मागणाऱ्यांची नावं असायची. अमुक गावचे अमुक, त्यांच्या घरची सगळी मंडळी. भावगीत पहिलं की तिसरं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. दादाला मात्र ते पटायचं नाही. ‘मोजल्याशिवाय भांडता कसं येणार?’ हा त्याचा युक्तिवाद.

20 फेब्रुवारी 2024 ला अमीन सयानी मुंबईत गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. बातमी आली तेव्हा दादा अंथरुणाला लागलेला होता. वहिनीने सांगितलं तसं त्याने वही मागितली, 1953 चं पान काढायला लावलं. त्या वर्षीचं पहिलं गाणं ‘अनारकली’तलं, लताबाईंचं. ती नोंद त्याने मागाहून केलेली होती, कारण तेव्हा आमच्याकडे रेडिओ आलेला नव्हता. तो म्हणाला, ‘ही ऐकीव आहे. पुढच्या माझ्या आहेत.’ बाकी काही बोलला नाही. त्यानंतरच्या वर्षी तोही गेला.

आता वार्षिक याद्या कुठेही मिळतात. कुठलं गाणं कुठल्या वर्षी पहिलं, हे कुणालाही फोनवर मिनिटात सापडतं. पण कुठलं गाणं पाचवरून थेट दोनवर आलं, मधल्या आठवड्यात का घसरलं, त्या बुधवारी लहरी कशा होत्या, आणि ‘सूरज’मधलं गाणं पहिलं आलं त्या 1966 साली मिरजेच्या टॉकीजबाहेर रांग कुठवर गेली होती, हे विचारायला माणूस नाही. नातीचा मध्यंतरी फोन आला. तिच्या लाडक्या गाण्याने कुठलासा विक्रम मोडला होता. मी ‘अरे वा’ म्हटलं. ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘आजी, तू भांडत नाहीस.’ मला दादासारखं भांडता येत नाही, आणि तिला ‘अरे वा’ नको होतं.

माझ्यापुरता निकाल असा: 1956 चं पहिलं गाणं आणि 2022 चं पहिलं गाणं यांची तुलना करू नये. होतही नाही. 1956 चं पहिलं आणि 1956 चं दुसरं, यांच्यात मात्र खुशाल हमरीतुमरीवर यावं. तिथे मोजणारा एक, माप एक आणि पोस्टकार्डं लिहिणाऱ्या आमच्यासारख्या लबाडांची संख्याही साधारण दोन्ही बाजूंना सारखीच. नव्या आकड्यांनाही हाच न्याय लावावा. आठवडा तोच, नियम तेच, मग वर कोण आणि खाली कोण ते बघा.

दादाच्या वह्या नातीने पुण्याला नेल्या. पानांचे फोटो काढून ती रकान्यांसकट संगणकावर उतरवते आहे आणि ‘खरखर’ जिथे आहे तिथे ‘खरखर’च लिहिते आहे. गीतमाला 1989 मध्ये विविध भारतीवर गेली, 1994 मध्ये थांबली. दर आठवड्याच्या याद्या ज्यांनी ऐकून लिहिल्या ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या घरी कुणा काका-मामांची अशी वही असेल तर कृपा करून रद्दीत देऊ नका. आणि आमच्याकडच्या ‘खरखर’च्या जागा तुमच्याकडे भरलेल्या सापडल्या, तर जरूर कळवा.