खंडेनवमीची भिंत

हत्यारं मांडायची हौस थोड्यांनाच असते, पण ज्यांना असते त्यांना ती लपवता येत नाही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहाआधी मागच्या पडवीत नेलं जातं. तिथे प्लायच्या मोठ्या फळीवर करवती, पटाश्या, कानशी, पाने, पकडी टांगलेल्या आहेत आणि प्रत्येक हत्यारामागे त्याचीच आकृती काळ्या रंगानं रेखलेली आहे. फळी सागाची का नाही, असं कुणीतरी विचारतंच. आदिलाबादच्या पट्ट्यात घरात साग असला की त्याची पावतीही घरात असलेली बरी. प्लायला कुणी काही विचारत नाही.

खरं तर भिंतीवरची मांडणी आपल्याकडची नव्हेच. गावचा सुतार जमिनीवर बसून काम करायचा. लाकूड पायांत धरलेलं आणि भोवती वाकस, पटाशी, रंधा, गुण्या, गिरमिट. त्या अर्धवर्तुळाची त्रिज्या म्हणजे त्याच्या हाताची लांबी. मान न वळवता हात नेमका पटाशीवर पडायचा. बलुतेदारीत सुतार-लोहार थोरल्या कासेचे, सुगीत मोठा वाटा त्यांचा, कारण तिफण आणि वखर अडले की अख्खं शिवार अडायचं. एवढ्या मानाच्या माणसाचं सगळं कारखानदारीचं सामान संध्याकाळी एका पोत्यात मावायचं. ते पोतं खांद्यावर टाकून तो घरी जायचा, आणि सकाळी दुसऱ्याच्या अंगणात तेच अर्धवर्तुळ पुन्हा तसंच्या तसं मांडायचा.

आमचं इचोडा हे तेलंगणात निर्मल आणि आदिलाबादच्या मधलं, ४४ नंबरच्या महामार्गावरचं गाव. श्रीनगरहून निघालेला हा रस्ता कन्याकुमारीला जाऊन थांबतो. आमच्याकडे पूर्वी त्याला सात नंबर म्हणायचे, अजूनही कुणी कुणी म्हणतं. रस्त्याकडेला ट्रक दुरुस्त होतात ते पाहावं. मिस्त्री गाडीखाली उताणा, बाहेर गोणपाटावर पाने पसरलेले. आतून नुसता हात येतो आणि आवाज येतो, “बारा-तेरा!” पोऱ्या न बघता पाना हातात ठेवतो. इथे भिंत नाही, फळी नाही, आणि तरीही कुठलंही हत्यार जागेवर नाही असं म्हणायची छाती होत नाही. सुताराचंच अर्धवर्तुळ आहे ते, फक्त तेलकट.

भिंत आली ती उभं राहून काम करणाऱ्याबरोबर, बेंच आणि व्हाइसबरोबर. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात दिदेरोनं विश्वकोश काढला, त्यात चित्रांचे ११ खंड होते. सुताराची, घड्याळजीची हत्यारं वेगवेगळी सुटी काढून, पानभर नीट रचून दाखवलेली. हत्यार ही नुसती बघायचीही वस्तू आहे, हे त्या पानांनी शिष्ट लोकांच्या गळी उतरवलं असावं असं मला वाटतं. आणि या हौसेचं टोक म्हणजे हेन्री स्टडलीची पेटी. हा अमेरिकेतला पियानो बनवणारा कारागीर, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी गावचा, १९२५ साली वारला. भिंतीला टांगायची ही पेटी बंद केली तर जेमतेम मीटरभर उंच आणि अर्धा मीटर रुंद. उघडली की आत सुमारे ३०० हत्यारं, एका थरामागे दुसरा थर, महोगनी, शिसव, आबनूस, वर शिंपल्याचं जडावकाम. फोटो पाहून मी कितीदा तरी जळलो आहे. पण एक खोट काढतोच. त्या पेटीत नव्या हत्याराला जागा नाही. एखादा पाना वाढला तर त्यानं जायचं कुठे? जिथे सगळं भरून पावलं आहे तिथे कामही संपलं असणार.

माझ्या फळीवर रिकाम्या आकृत्या आहेत. त्याच मला फळीचा खरा उपयोग वाटतात. विमानांच्या दुरुस्तीत अशा आकृत्या किंवा फोममध्ये कोरलेले खळगे असतात. काम झाल्यावर एक खळगा रिकामा दिसला तर हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, कारण ते इंजिनात राहिलेलं असू शकतं. माझ्याकडे प्रश्न एवढा जिवावरचा नाही. दहा नंबरचा पाना नसतो, एवढंच. जगातल्या कुठल्याही गॅरेजात तोच नसतो. बाकीच्या रिकाम्या जागांवर मी खडूनं नावं लिहितो. करवत अमक्याकडे, पाइपपाना तमक्याकडे. शेजारी तेलुगूत सुत्ती मागतो, मी हातोडी काढून देतो, आणि त्या आकृतीत त्याचं नाव पुढच्या पावसापर्यंत राहतं.

पावसाळा हा हत्यारांचा खरा शत्रू. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे लोखंडाची काय कथा. सकाळी रंध्याच्या पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. पातं घासून तेलाचा हात फिरवायचा, खणात कापराच्या वड्या टाकायच्या. नाशिकला बनणारी टापारियाची पकड हे सगळं निमूट सोसते. जुनी पटाशी लाड मागते. लाकडी दांडे मात्र या हवेत खुलतात. धावड्याचा दांडा वर्षानुवर्षं एकाच तळव्याखाली राहिला की त्याला जी झळाळी येते, ती कुठल्याही पॉलिशनं येत नाही. म्हणून पाहुण्यानं चकाकत्या पान्यांच्या संचाचं कौतुक केलं की मी हूं म्हणतो, आणि एखाद्यानं झिजलेल्या दांड्यावरून बोट फिरवलं की त्याला चहाबरोबर भजीही मिळतात.

या सगळ्याला वर्षातून एकदा धर्माची मान्यता मिळते. बतुकम्मा या इथल्या फुलांच्या सणाचा शेवटचा दिवस अष्टमीला सरतो, तरवडाच्या आणि झेंडूच्या फुलांची धांदल ओसरते आणि नवमीला उरलासुरला झेंडू आमच्या वाट्याला येतो. फळी त्या दिवशी रिकामी होते. सगळी हत्यारं उतरवायची, रॉकेलनं पुसायची आणि धुतलेल्या चादरीवर जमिनीवर मांडायची. मांडताना आपोआप अर्धवर्तुळच होतं. हळदकुंकू, फूल, नारळ. तेलुगू शेजारी आयुधपूजा म्हणतात, आम्ही खंडेनवमी. बसवाले बस सजवतात, ट्रॅक्टरवाले ट्रॅक्टर. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, शेजाऱ्यांकडून जम्मीची म्हणजे शमीची पानं येतात, आमच्याकडून आपट्याची जातात.

२०१६ साली दसरा ११ ऑक्टोबरला होता आणि त्याच दिवशी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद वेगळे निघाले, इचोडा आदिलाबादेतच राहिलं. त्याआधी १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले होते, आणि इकडची निम्मी सोयरीक परराज्यात जाऊन बसली होती. २०१६च्या त्या दसऱ्याला आमची हत्यारं सुट्टीवर होती, सरकारचा वाकस मात्र चालू होता. निर्मलची खेळणी तेव्हापासून शेजारच्या जिल्ह्याची झाली. पोणिकीच्या हलक्या लाकडाची ती खेळणी घडवणाऱ्यांकडे हत्यारांची भिंत असेल असं मला वाटत नाही. थोड्या पात्यांत त्यांचं भागतं.

तर नवमीला या, बघायला संकोच करू नका. पूजेचा दिवस सरला की पाना न्या, पकड न्या, शिडीसुद्धा न्या, खडूनं नाव लिहा म्हणजे झालं. रंधा तेवढा मागू नका. त्याचं पातं माझ्या हाताला लावलेलं आहे, आणि तो मी सख्ख्या मेव्हण्यालाही दिलेला नाही.