पोरनें कापड

कपाशीच्या मुलखात माझा जन्म गेला. पांढुर्ण्याच्या काळ्या मातीत संत्र्याच्या जोडीने कापूस पिकतो, आणि बोंडातला धागा दोन बोटांत ओढून त्याची लांबी सांगणारी माणसे मी आमच्याच ओसरीवर पाहिली आहेत. असे असूनही, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, दोन महिन्यांच्या नातीच्या लंगोटाला कोणते कापड घ्यावे एवढा साधा प्रश्न मला सोडविता आला नाही. हसू येण्याजोगी गोष्ट आहे. परंतु त्या वेळी घरात कोणी हसत नव्हते.

माझी मुलगी गोव्यात, फोंडा तालुक्यात दिली आहे. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून ती चैत्रातच इकडे आली. माहेर म्हणावे तर घरात मी एकटा. तिची आई जाऊन चार वर्षे झाली. बाळंतिणीचे पथ्यपाणी शेजारच्या काकूंनी सांभाळले. राहता राहिली बाळाची दुपटी, झबली आणि लंगोट. तेवढे काम मी मोठ्या उमेदीने अंगावर घेतले. बाजारहाट मला कळतो, अशी माझी समजूत होती.

विहीणबाई कोंकणी बोलतात, मी आमच्या नागपुरी वळणाचे मराठी. दोघांचेही अर्धे बोलणे अंदाजाने चालते. बाळाच्या बारशाआधी त्यांचा फोन आला. मुलगी निजली होती, म्हणून मीच घेतला. लंगोटांचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी पोरनें कापड घेयात. नवें नाका." मी "हो, हो" म्हटले. पोरनें म्हणजे जुने, एवढे मला ठाऊक होते. कापड म्हणजे कापड. त्यात विचारावयाचे काय? माझी जुनी धोतरे तर केव्हाच वाटून टाकलेली. तेव्हा जुन्या धर्तीचे, जाडेभरडे, बिनरंगाचे मांजरपाट घ्यावे, असा मी त्या वाक्याचा अर्थ लावला आणि बाजारातून दहा मीटर घेऊन आलो. दुकानदारानेही "टिकाऊ आहे, गुरुजी" म्हणून शिफारस केली. टिकाऊ होते यात शंका नाही.

आषाढ लागला आणि बाळाच्या मांड्यांच्या सांध्यात लाली दिसू लागली. आठवड्याभरात तिचे चट्टे झाले. लंगोट बदलताना पोर जी किंचाळे ती ऐकवत नसे. मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. देवळात काकड आरतीला भेटणाऱ्या मंडळींपैकी प्रत्येकाने एकेक उपाय सांगितला. कोणी म्हणे, भरपूर पावडर लावा. कोणी म्हणे, ओव्याची धुरी द्या. कोणी कपडे वाळविण्यासाठी शेगडीवर टोपली पालथी घालावयास सांगितले. एका गृहस्थांनी तर कापडाचा नादच सोडून दुकानातले तयार डायपर आणावयास सांगितले. सांगणारे सगळे आपुलकीचे. पण त्या सात-आठ मतांतून बापलेकींनी निवड कशी करावी? रात्री दोन वाजता रडणारे पोर खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना मला प्रथमच असे वाटले की, या घरात जे माणूस हे सारे न विचारता जाणत होते, तेच नाही. मुलगीही तेच मनात म्हणत असावी. आम्ही दोघेही बोललो नाही.

शेवटी बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी मूल पाहिले, मग पिशवीतला कोरा लंगोट मागून घेतला आणि टेबलावर पसरून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब तसाच उभा राहिला, मोत्यासारखा. "आजोबा, हे कापड पाणी पीतच नाही," त्या म्हणाल्या. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, शिवाय कच्च्या सुतावर कापसाचे स्वतःचे मेण असते. ते दोन्ही गरम पाण्यात अनेकदा उकळून गेल्याशिवाय धागा पाणी धरीत नाही. आमचे बाळ ओले राहत होते ते याच कारणाने. ओलावा, लघवी आणि शी यांचा फार वेळ संसर्ग, त्यात जाड शिवणीचे घासणे, एवढे नाजूक कातडीला पुरते. वासाचा मऊपणा आणणारा द्राव मी धुण्यात हौसेने घालीत होतो, तो तर त्यांनी तत्काळ बंद करविला. त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि शोषण आणखी घटते. पावडर नको, ती श्वासात जाते. धूर नको, तोही छातीत जातो. लंगोट ओला झाला की लगेच बदला, साध्या पाण्याने पुसा, कातडी हवेवर कोरडी होऊ द्या, मग जस्ताचे मलम लावा. तीन दिवसांत उतार नाही पडला तर परत या. एवढेच. कापसाच्या मुलखातल्या माणसाला कापसाचे मेण ठाऊक नसावे, याचा मला त्या लालीइतकाच संताप आला.

उतार पडला, पण कापडाचा प्रश्न तसाच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, हे वाचकांनी ऐकले असेल. त्या गलबल्यात तान्हे मूल नको, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच सौंसरला ताईकडे गेलो. (२०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. ताई म्हणते, "आता तुझ्याच जिल्ह्यात आले रे मी.") ताईला ब्याऐंशीवे वर्ष चालू आहे. तिने पिशवीतले मांजरपाट हातात घेऊन चुरगळले आणि बाजूला टाकले.

"तिची पातळे कोठे आहेत?" तिने विचारले.

"पेटीत."

"मग हे कशाला आणलेस? विहीणबाईंनी काही सांगितले नव्हते का?"

मी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविले. पलीकडे बसलेली माझी मुलगी एकदम वर पाहू लागली. "बाबा, कोंकणीत कापड म्हणजे साडी," ती म्हणाली. "आपल्या कापडाला ते लुगट म्हणतात."

आमचे लुगडे ते त्यांचे लुगट नव्हे, आणि त्यांचे कापड ते आमचे कापड नव्हे. दोन बहिणी-भाषांनी आपसांत शब्दांची अदलाबदल करून ठेवली आहे, आणि मध्ये माझ्यासारखा मास्तर फसावा! ताई हसली. मी मात्र हसलो नाही. कारण खरे सांगावयाचे तर दोष भाषेचा नव्हता. जुने मऊ सूत घरात कोठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्या पेटीला हात लावावयाचा नव्हता म्हणून मी चुकीचा अर्थ पसंत केला होता. मुलगीही हे ओळखून होती. तिने मागितले नाही ते माझ्यासाठीच.

पांढुर्ण्यास परतल्यावर पेटी मीच उघडली. सुती पातळे अकरा निघाली. कोणते फाडावे हे ठरविण्यात एक दुपार गेली. मुलीने तिच्या बारशाच्या वेळचे बाजूला ठेवले आणि रोजच्या वापरातली तीन पुढे घेतली. काठ उसवून काढले, कारण त्यांचा ताठरपणा मांडीला काचतो. सुती वस्त्र हातांनी फाडले की धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. त्या कडेला शिवण लागत नाही आणि म्हणून टोचतही नाही. विरलेला भाग सोडून एकेकातून सुमारे दोन फुटी चौदा चौकोन मिळाले. बेचाळीस झाले. पावसाळ्यात कपडा वाळावयास दोन दिवस घेतो आणि तान्ह्याला दिवसातून दहा-बारा वेळा बदलावे लागते, तेव्हा हा आकडा मुळीच जास्त नाही. पहिल्या चौकोनावर मी पाण्याचा थेंब सोडला. तो उभा राहिलाच नाही. पाहता पाहता पसरून गेला.

पुढचे थोडक्यात सांगतो. मूल वाढते तसा लंगोटही वाढला पाहिजे, हे कोणी सांगत नाही. पहिल्या महिन्यांत त्रिकोणी घडी एका पदराची, तीही बेंबीच्या खाली. चौथ्या महिन्यापासून मध्ये लांबट घडी ठेवावी लागली. पालथे पडू लागल्यावर पोटावरची गाठ रुतू लागली, ती कुशीला नेली. कमरेशी दोन बोटे सहज जावीत आणि सोडल्यावर मांडीवर वळ दिसू नये, हे माप आम्ही धरले. ताईच्या मते पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधले की मूल सुदृढ होते. या एका बाबतीत मात्र मी डॉक्टरीणबाईंच्या बाजूचा. पाय ताणून बांधल्याने खुब्याचा सांधा सरकण्याचा धोका वाढतो. गुडघे वाकलेले आणि मांड्या फाकलेल्या, बेडकासारख्या, असेच मुलाला राहू द्यावे. लंगोट ते देतो, आवळलेले दुपटे देत नाही.

जावईबापूंनी नव्या तऱ्हेचे लंगोटही धाडले होते: बाहेरून पाणी न झिरपणारे अस्तर, आत शोषणारी जाड पट्टी, आणि वाढत्या बाळासाठी बटणांच्या रांगा. मी त्यांना नावे ठेवणार नाही. मार्गशीर्षात जामसावळीच्या निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला गेलो तेव्हा रांगेत त्यांनीच लाज राखली; देव आणि नात दोघेही शांत झोपलेले. मात्र ती पट्टी ओल्या हवेत लवकर वाळत नाही. म्हणून प्रवासाला आणि रात्रीला बटणांचे, घरी दिवसा पातळाचे, अशी वाटणी झाली.

पौषात मायलेकी फोंड्यास गेल्या. बेचाळीसपैकी पस्तीस लंगोट ट्रंकेत गेले. सात इतके विरले होते की त्यांनी मी चष्मा पुसतो. नात आता रांगते आणि गुडघ्यांखाली सारे झिजविते. परवा विहीणबाईंचा फोन होता. "आनीक एक कापड धाडात," त्या म्हणाल्या.

हिरवे पातळ काढून ठेवले आहे. काठ अजून उसवावयाचे आहेत.