खाता येईल असा दागिना

जानेवारी उजाडला की मुंबईत लालबाग-दादरच्या बाजारात हलव्याचे दागिने टांगलेले दिसू लागतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी हार, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या आणि कंबरपट्टा, जावयासाठी हार आणि नारळ, बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या कापडावर ते पांढरेशुभ्र दाणे उठून दिसतात आणि लांबून सगळे सारखेच सुंदर वाटतात. जवळून पाहिलं की फरक कळतो. कित्येक दागिन्यांत हलव्याइतकेच, कधी त्याहून जास्त, प्लास्टिकचे मोती असतात. दाणे पुठ्ठ्यावर गोंदाने किंवा ग्लू गनने चिकटवलेले असतात. वर चमकी फवारलेली असते. साखर आहे, पण ती तोंडात घालता येत नाही. माझं म्हणणं असं, की खाण्याच्या पदार्थाची सजावट त्या पदार्थातूनच निघाली पाहिजे आणि शेवटी खाता आली पाहिजे. एवढी अट पाळली तर हलव्याचा दागिना ही स्वयंपाकघरातली एक अवघड आणि देखणी कला ठरते. ती सोडली तर नकली मोत्यांच्या दागिन्यात आणि त्याच्यात फरक तो काय राहिला? आणि नकली मोती तर वर्षभर मिळतात.

हे म्हणणं आधी दाण्यावर तपासून पाहू. हलव्याचं सारं सौंदर्य त्याच्या काट्यात आहे, आणि तो काटा वरून कोणी लावत नाही. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घेऊन उकळायचं, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची, पाक गाळून घ्यायचा. तार धरण्याच्या अलीकडेच तो उतरवायचा. बोटांना चिकट लागला की झालं. तीळ, खसखस, साबुदाणा, मगज, लवंग यांपैकी जे घ्यायचं ते मूठभर परातीत हलकं गरम करायचं. परात शेगडीच्या विझत आलेल्या निखाऱ्यांवर, किंवा गॅसच्या सगळ्यांत बारीक आचेवर तवा ठेवून त्याच्यावर. उष्णता बोटं सोसतील एवढीच. मग चमचाभर पाक घालायचा, बोटांनी दाणे फिरवत राहायचं, सुकले की पुढचा चमचा. पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना धरतात आणि त्यांचा गोळा होतो. आच वाढली तर साखर दाण्यावर न बसता तिचं पीठ होऊन परातीत उरतं, आणि त्याहून वाढली तर पांढरेपणा जातो. हात जड पडला तर आलेला काटा मोडतो. पहिल्या दिवशी दाण्यावर नुसता पांढरा लेप दिसतो. रात्रभर तसंच ठेवून दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसलं की काटा डोकं वर काढतो. कारण उघड आहे. लेप कुठेच अगदी सपाट नसतो. जिथे बारीक उंचवटा असतो तिथे नवा पाक आधी लागतो आणि हवा व आच मिळून तिथेच आधी सुकतो. पुढच्या चमच्याला तो उंचवटा आणखी पुढे आलेला असतो. म्हणजे काटा हा पाक, आच आणि सबुरी यांचा हिशेब आहे. हिशेब कुठे चुकला ते दाण्याकडे बघून सांगता येतं. चिकटवलेल्या मोत्याकडे बघून त्याच्या मागच्या कामाबद्दल काहीच कळत नाही.

साखरेची सजावट जगभर चालते, आणि चांगली असेल तिथे हीच अट पाळलेली दिसते. अमेरिकेत शरद ऋतूत सफरचंदाला काडी टोचून ते कॅरॅमलमध्ये बुडवतात, वर शेंगदाण्याचा कूट किंवा चॉकलेट लावतात. तिथली धडपड आपल्या अगदी उलट आहे. कॅरॅमल गुळगुळीत, चकचकीत राहायला हवं, म्हणून साखरेचा रवा होऊ नये याची काळजी घेतात. पाकात ग्लुकोजचं सिरप किंवा आंबट काही घालतात. हलव्यात साखरेचा रवाच व्हायला हवा. म्हणून पाक स्वच्छ दिसावा या हौसेने लिंबू जास्त पिळलं तर काटा येता येत नाही. रीत उलटी असली तरी सफरचंदाची चमक काय आणि हलव्याचा काटा काय, दोन्ही साखर शिजवण्यातूनच आलेले असतात. आपल्या हलव्याचा खरा भाऊबंद जपानात आहे. पोर्तुगीजांबरोबर तिथे पोचलेली कोंपेइतो ही काटेरी साखरगोळी 1569 साली लुईश फ्रोइश या पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बाटलीतून भेट दिली होती. आजही जुन्या पद्धतीने ती करायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. तिरक्या, तापत्या, फिरत्या कढईत दाण्यांवर पाक घालत राहतात. कढई यंत्राने फिरते आणि तरीही काटा उत्तम येतो. म्हणून हाताचं ते खरं आणि यंत्राचं ते खोटं असं मी म्हणत नाही. यंत्रावरही साखरेला तिचा वेळ दिला तर काटा येतो.

दाणा तयार झाला की दागिना. इथेही जुनी रीत नीट विचार करून बसवलेली आहे. हलव्याला सुईने भोक पाडता येत नाही, दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याच्या दोन पदरांत दाणा धरून दोन्हीकडून गाठ मारतात. काटा इथे शोभेपुरता राहत नाही. त्याच्या खाचांत दोरा अडकतो आणि दाणा निसटत नाही. गुळगुळीत बडीशेपेची गोळी अशी बांधायला गेलं तर ती सटकन निघून जाईल. लहान दाण्याच्या खसखशीच्या हलव्याची नाजूक सर, लांबट लवंगेच्या हलव्याचे लोलक, साबुदाण्याच्या हलव्याचे ठसठशीत मणी: कुठला दाणा कुठे शोभेल हे आत काय आहे त्यानेच ठरवून ठेवलेलं असतं. शिवाय गाठ सुटते, दोरा कापता येतो, दाणा जसाच्या तसा हाती येतो. हा दागिना मोडण्यासाठीच केलेला आहे. बोरन्हाणात तर हे अगदी स्पष्ट दिसतं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा ओततात आणि जमलेली मुलं ते लुटून तिथल्या तिथे खातात. ज्या समारंभाचा अर्थच वाटून खाणं हा आहे, त्यात अंगावरचा दागिना तेवढा न खाता येणारा असणं विसंगत आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की अंगावर घातलेला, घाम आणि पावडर लागलेला हलवा नाहीतरी कोण खातं? आक्षेप खरा आहे. गळ्याला घासलेला हार मीही कोणाला खायला सांगणार नाही. पण अट आहे ती करणाऱ्यासाठी. खाण्याजोगं करायचं असं ठरवलं की रंग खाण्याचा येतो, दोरा स्वच्छ येतो, परात घासूनपुसून घेतली जाते आणि गोंदाची बाटली बाजूला राहते. मुकुट, नारळ, बासरी या वस्तू अंगाला फारशा लागत नाहीत, त्या मोडून खाता येतात. उरलेलं मुंग्यांना आणि मातीला चालतं. दुसरा मुद्दा बाळाचा. हातात येईल ते तोंडात घालायचं हे त्या वयाचं कामच, आणि सुटलेला प्लास्टिकचा मोती तोंडात जाणं धोक्याचं आहे. मात्र खाण्याजोगं म्हणजे बाळाला निर्धोक, असंही समजू नये. कडक हलवा किंवा शेंगदाणाही तान्ह्या मुलाच्या घशात अडकू शकतो. म्हणून अगदी लहान बाळाच्या अंगावर दाणे घट्ट बांधलेले हवेत आणि कोणाचं तरी लक्ष हवं. हलवा खायचा तो मोठ्या मुलांनी. साखर वाईट, हा आणखी एक आक्षेप. वर्षातून एकदा, चिमूटभर, तिळाभोवती बसलेली साखर हा आपल्या आहारातला प्रश्न नाही. प्रश्न रोजच्या चहाचा आणि बिस्किटांचा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आणि पैशांचा. कामावर जाणाऱ्या बाईने तीन दिवस परातीशी बसायचं का? आणि चिकटवून झटपट केलेले दागिने विकून ज्या बायका घर चालवतात त्यांच्या पोटावर पाय द्यायचा का? वेळेबद्दल सांगायचं तर हलव्याला एकसलग दिवस लागत नाही. एक परात, एक शेगडी आणि दहा बाय दहाच्या खोलीतला एक कोपरा पुरतो; काम हवं तिथे थांबवून रात्री पुन्हा हाती घेता येतं. लालबाग-गिरणगावच्या चाळींत ही कला टिकली याचं एक कारण मला हेच दिसतं. ओटा नाही, भट्टी नाही, तरी अडत नाही. बाईनेच बसावं असंही काही नाही, घरातल्या कुठल्याही दोन हातांना हे जमतं. आणि तेवढंही शक्य नसेल तर चांगला काटेरी हलवा विकत आणून फक्त बांधणी घरी करावी. निम्मी कला तरी हातात राहते. पैशांचं उत्तर या भागाच्या इतिहासातच आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचं काम घरचंच म्हणून कवडीमोल धरलं जात होतं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराच्या पाशातून सोडवलं. घरात शिजणाऱ्या श्रमाला किंमत मिळवता येते, हे इथल्याच बायकांनी दाखवून दिलेलं आहे. तेव्हा स्वस्त दागिना करणाऱ्या बाईला दोष देऊ नये. गिऱ्हाईकाने “यातला हलवा खाता येईल ना?” असं विचारावं आणि येत असेल तर जास्तीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. मागणी तशी झाली की बांधणीही तशी होईल.

सजावट कशाची करायची हा प्रश्न लालबागला नवा नाही. गणपतीच्या मखरांना वर्षानुवर्षं थर्माकोल हा सोपा, हलका, स्वस्त उपाय होता. 2018 साली राज्यात त्याच्यावर बंदी आली तेव्हा आता आरास कशी होणार, अशी ओरड झाली. कारागीर पुठ्ठा, कागद, कापड आणि बांबूकडे वळले आणि मखरं उभी राहिलीच. दहा दिवसांच्या आराशीचं अकराव्या दिवशी काय होणार, हा विचार आरास करतानाच करायचा असतो, हे त्यातून शिकायला मिळालं. हलव्याच्या दागिन्याचं आयुष्य तर त्याहून कमी, एका संध्याकाळचं. मुंबईच्या दमट हवेत तो फार टिकूही शकत नाही. संक्रांतीच्या सुमाराची कोरडी थंड हवाच त्याला मानवते, उन्हाळा-पावसाळ्यात तो चिकट होतो. प्लास्टिकचा मोती मिसळून त्याला टिकाऊ करण्यात काही मिळवल्यासारखं नाही, कारण टिकणं हे त्याचं कामच नव्हतं. या संक्रांतीला एकच सर करा, पण पूर्ण हलव्याची, दोऱ्याने बांधलेली. हळदीकुंकू आटोपलं की कात्रीने गाठी कापा, स्वच्छ राहिलेले दाणे वाटीत काढा आणि दारात आलेल्या मुलांच्या हातावर ठेवा.