बरी जिरली!

दुसऱ्याची फजिती पाहून होणाऱ्या आनंदाला जर्मन भाषेत ‘शाडनफ्रॉइड’ असा भारदस्त शब्द आहे. मराठीला एवढा खटाटोप लागत नाही. ‘बरी जिरली!’ म्हटले की काम भागते. आणि ओठ न हलवता, मनातल्या मनात म्हणण्यात जी लज्जत आहे ती काही औरच.

आमचे गोरेगाव या आनंदाला मोठे पोषक. गोरेगावहून सुटणारी गाडी हलते, आणि जिन्यावरून धापा टाकीत उतरलेले एक गृहस्थ जेवणाचा डबा सांभाळीत फलाटावरच राहतात. खिडकीशी बसलेल्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान उमटते, ते पगाराच्या दिवशीही उमटत नसावे. त्या गृहस्थांनी त्याचे काय बिघडवले होते? काहीच नाही. पण ते राहिले म्हणून तर याला गाडी मिळाल्याची चव कळली!

या आनंदाची सर्वांत मोठी पंगत मात्र उठली ती १९७७ च्या मार्चमध्ये. मृणालताई गोरे म्हणजे आमच्या ‘पाणीवाली बाई’. वस्त्यांच्या नळांना पाणी यावे म्हणून महापालिकेशी वर्षानुवर्षे भांडलेल्या. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत त्या लोकसभेवर गेल्या. तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या. झाले! ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’

ही घोषणा मी मनसोक्त दिली आहे. पहिला अर्धा भाग अभिमानाचा, हे कुणीही कबूल करील. पण घसा बसायचा तो दुसऱ्या अर्ध्याने. ॲरिस्टॉटलने एका टोकाला मत्सर ठेवला, दुसऱ्या टोकाला हा दुष्ट आनंद, आणि मधोमध न्याय्य संताप. आमची घोषणा त्या मधल्या पाटावर बसत होती, असे मी अजूनही म्हणतो. ज्यांच्या घरचे माणूस खटल्यावाचून कोंडले गेले होते, त्यांना ‘हसू नका’ म्हणून सांगणार कोण?

पण आमच्या शेजारचे काका! आणीबाणीत गाड्या वेळेवर धावतात म्हणून जे आम्हाला रोज ऐकवीत, तेही त्या दिवशी आमच्याहून मोठ्याने ओरडत होते. त्यांच्या लेखी नेमकी कुणाची जिरली होती, हे मला उमगले नाही.

१९८० च्या जानेवारीत इंदिराबाई पुन्हा सत्तेवर आल्या. सकाळी दार उघडतो तो काका समोर खुर्ची टाकून बसलेले.

“या, चहा घ्या,” ते म्हणाले.

चहात साखर दुप्पट होती.